एवढं अवजड विमान पायलट जमिनीवर इतकं नेमकं कसं वळवतात?

तुम्ही विचारलंय की कॉकपिटमधून चाकं दिसत नाहीत, तरी विमान पिवळी रेघ सोडत कसं नाही. मी पायलट नाही. मुंबईला लाइन मेंटेनन्समध्ये, म्हणजे उड्डाणांच्या मधल्या देखभालीत आहे, पुशबॅकला (विमान जागेवरून मागे ढकलताना) हेडसेट लावून पुढच्या चाकाशेजारून चालणं हे रोजचं काम. तेव्हा खालून जे दिसतं आणि कॅप्टन मंडळींकडून जे कळलं, ते सांगतो.

पुढचं चाक हायड्रॉलिकवर वळतं. कॅप्टनच्या डाव्या हाताशी त्यासाठी एक छोटी मूठ असते, टिलर. बोइंग ७३७ मध्ये टिलरने चाक ७८ अंशांपर्यंत वळतं, पायाखालच्या रडरच्या (शेपटीच्या सुकाणूच्या) पेडलने जेमतेम ७. म्हणून रेघेवर सरळ जाताना पाय पुरतात, वळणाला हात लागतो. टेकऑफच्या धावेत टिलर वापरत नाहीत. त्या वेगात चाक एवढं वळवलं तर विमान वळायच्या ऐवजी टायर घसरेल.

खरी गंमत बसण्याच्या जागेत आहे. एसटीचा ड्रायव्हर पुढच्या चाकाच्याही पुढे बसतो, म्हणून वळण आलं तरी थोडा सरळ जाऊन मगच स्टिअरिंग फिरवतो. इथे तेच, फक्त माप अवाढव्य. बोइंग ७७७-३००ईआर घ्या. पायलट पुढच्या चाकाच्या काही मीटर पुढे आणि मागची मुख्य चाकं पुढच्या चाकापासून ३१ मीटर मागे! वळताना ती आतल्या बाजूने जागा खातात. त्यामुळे काटकोनी वळणावर कॅप्टन रेघ ओलांडून सरळ पुढे जातो. नवखा प्रवासी खिडकीतून बघत असेल तर त्याला वाटावं, वळण चुकलं. नाक गवतावर लोंबतंय असं वाटेपर्यंत थांबायचं आणि मग टिलर फिरवायचा. वेग तेव्हा साधारण १० नॉट (ताशी १८ किलोमीटरच्या आसपास), ओल्या जमिनीवर त्याहून कमी.

या विमानाच्या मुख्य चाकांकडे वळताना जरूर बघा. प्रत्येक बाजूला सहा चाकं, तीन जोड्यांत. पुढचं चाक १३ अंशांपेक्षा जास्त वळलं की मागची जोडी आपोआप उलट दिशेला वळते. नाहीतर टायर फरफटत जातील. शिवाय या विमानाला कॅमेरेही आहेत, चाकं आणि रेघ कॉकपिटातल्या पडद्यावर दिसतात. एअरबस ए३८० लाही आहेत. पण अनुभवी कॅप्टन पडद्यावर भिस्त ठेवत नाहीत. रेघ आपल्या उजव्या मांडीखालून जातेय असं दिसलं की विमान मधोमध, कारण ते स्वतः मधल्या रेषेच्या डावीकडे बसलेले असतात.

आणि निम्मं श्रेय जमिनीवाल्यांचं आहे, ते कोणी देत नाही. मोठ्या विमानांचा टॅक्सी वे, म्हणजे धावपट्टीकडे जायचा रस्ता, २३ मीटर रुंद असतो. ७७७ च्या बाहेरच्या चाकांमधलं अंतर सुमारे १३ मीटर. म्हणजे रेघेवर असाल तर दोन्हीकडे पाच-पाच मीटर मोकळे. वळणाच्या आतल्या कोपऱ्यात जादा डांबर घालून ठेवलेलं असतं, तेही त्या जागा खाणाऱ्या चाकांसाठीच.

पंखांचं मात्र असं नाही. ६५ मीटरचा पंखविस्तार, आणि मान वळवूनही टोक नीट दिसत नाही. तिथे नजरेचा उपयोग नाही, सगळा भरवसा रेघेवर. स्टँडवर, म्हणजे विमान उभं करायच्या जागी, शेजारच्या विमानापासून निदान साडेसात मीटर सुटतील अशी रेघ आखलेली असते. पण कोणी सामानाची ट्रॉली आत लावून ठेवली तर ती रेघही काही करू शकत नाही; मग ब्रेक मारून आमच्यापैकी कोणीतरी ती हलवेपर्यंत थांबायचं. शेवटचे काही मीटर समोरच्या भिंतीवरचा दिव्यांचा बोर्ड किंवा मार्शलर (हातांनी खुणा करणारा माणूस) सांगतो, कारण कुठे थांबायचं ते प्रत्येक मॉडेलला वेगळं.

पुशबॅकला तर पायलट वळवतच नाही, टग (ढकलणारा ट्रॅक्टर) वळवतो. आम्ही आधी पुढच्या चाकाच्या खांबाला एक पिन लावतो, तिने टिलर निकामी होतो. टग सुटल्यावर ती काढून, बाजूला उभं राहून, पिनेची लाल फीत हात वर करून कॅप्टनला दाखवायची. तोपर्यंत तो जागचा हलत नाही.