वाचक विचारतात : रेशमाच्या गावातून शहराकडे

प्रश्न : चिनी खेड्यांविषयी वाचताना समाजशास्त्रज्ञ फेई श्याओथोंग यांचे नाव वारंवार येते. शेतकऱ्याने गाव सोडूच नये, असे त्यांचे मत होते का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : ‘सोडूच नये’ असे नव्हे, गाव सोडण्याची पाळी मुळात का येते, हा त्यांचा प्रश्न होता आणि त्याचा माग त्यांनी एकाच गावात काढला. 1935 च्या अखेरीस क्वांगशी प्रांतातील याओ लोकांच्या डोंगराळ मुलखात पाहणी करताना फेई वाघासाठी लावलेल्या सापळ्यात सापडून जबर जखमी झाले, आणि मदत आणायला निघालेल्या त्यांच्या पत्नी वांग थोंगह्वेइ वाटेतच मृत्यू पावल्या. पुढच्या उन्हाळ्यात प्रकृती सावरावी म्हणून ते थायहू सरोवराजवळच्या काइश्येनगोंग या गावी गेले. त्यांच्या थोरल्या भगिनी फेई ताशेंग रेशीम व्यवसायाच्या जाणकार होत्या, आणि कोषांपासून धागा काढण्याचा शेतकऱ्यांचा सहकारी कारखाना तेथे 1929 मध्ये उभा राहिला तो त्यांच्याच खटपटीमुळे. विश्रांतीसाठी गेलेला हा माणूस तेथे घरोघरचे जमाखर्च विचारत फिरला. पुढे लंडनमध्ये मानववंशशास्त्रज्ञ मालिनोव्स्की यांच्या मार्गदर्शनाखाली त्याने त्यावर प्रबंध लिहिला, तो 1939 मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला.

निष्कर्ष असा होता, की नुसत्या भातशेतीवर घराचे पोट कसेबसे भरत असे, परंतु खंड, कर आणि लग्नकार्य निभावत असे ते रेशमाच्या पैशावर. जागतिक मंदीत रेशमाचे भाव कोसळल्यावर शेतकरी कर्जात बुडाला आणि जमिनीचा मालकी हक्क हळूहळू शहरातल्या सावकाराकडे गेला. म्हणून खंड कमी करणे आणि जमिनीचे फेरवाटप करणे आवश्यक आहे, पण पुरेसे नाही, गावात उद्योग परत आला पाहिजे, असे फेई यांनी मांडले. अनेक जण केवळ जमिनीवर बोलत असताना हे म्हणायला धाडस लागत होते. या हिशेबांइतकीच त्यांची एक बारीकशी नोंद मला महत्त्वाची वाटते. पाऊस आला असताना नवरा छत्री पोहोचवायला विसरला, म्हणून कारखान्यात काम करणाऱ्या एका बाईने त्याला चारचौघांत फैलावर घेतले. नवऱ्याने बायकोची सेवा करायची, तीही उघडपणे, ही कल्पनाच जुन्या रीतीत बसणारी नव्हती. हाती मजुरी आली तशी घरातली पायरीही बदलू लागली होती.

1957 मध्ये ते त्याच गावी पुन्हा गेले. धान्य वाढले, पण जोडधंद्यांकडे दुर्लक्ष झाल्याने लोकांच्या हाती पैसा नाही, असे त्यांनी लिहिले. त्याच वर्षी त्यांच्यावर ‘उजवे’, म्हणजे समाजवादाचे विरोधक, असा शिक्का बसला आणि पुढची जवळजवळ दोन दशके त्यांचे संशोधन थांबले. 1980 नंतर मात्र उद्योग खेड्यांत आणि लगतच्या छोट्या शहरांत यावा, असा आग्रह त्यांनी पुन्हा धरला. ‘शेत सोडा, गाव सोडू नका’ हे सूत्र त्या काळात गाजले, आणि शांघायच्या सावलीतल्या च्यांगसू प्रांताला ते चांगलेच मानवले. हनान, आन्ह्वेइ किंवा सछ्वान प्रांतांतील तरुणांना मात्र दूर दक्षिण किनाऱ्यावरच्या क्वांगतोंगच्या कारखान्यांची वाट धरावी लागली. निदान अचूक, पण औषध सगळ्या प्रकृतींना लागू नाही, असे माझे मत आहे.

प्रश्न : चिनी मजूर शहरात गेला तरी ‘बाहेरचा’च राहतो, असे म्हणतात. आमचे आजोबाही मुंबईच्या गिरणीत होते आणि जीव गावात होता. मग वेगळे काय?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : आपल्या आजोबांना गावाशी बांधणारी गोष्ट घर, शेत आणि गणपती ही होती, चिनी मजुराच्या बाबतीत त्यात सरकारी नोंदवहीची भर पडते. 1958 च्या हुकौ, म्हणजे कुटुंबनोंदणीच्या, नियमांनी प्रत्येक कुटुंबाची नोंद एका ठिकाणी आणि शेतकरी किंवा बिगरशेतकरी अशा एका वर्गात पक्की केली. शहरात धान्य कुपनांवर मिळे आणि ती कुपने शेतकरी नोंदीच्या माणसाला मिळत नसत, त्यामुळे नुसते जाऊन राहणेही अवघड होते. बाजार खुला झाल्यावर ही अडचण सरली, परंतु मुलांची शाळा आणि महाविद्यालयीन प्रवेशपरीक्षा नोंदीच्या गावाशी बऱ्याच अंशी जोडलेलीच राहिली. म्हणून आईवडील कारखान्यात आणि मूल आजीजवळ, अशी घरे चीनमध्ये सर्रास दिसतात. दोन वर्गांमधला भेद 2014 मध्ये रद्द करण्याचे ठरले, तरी नोंद कोणत्या गावची, हा प्रश्न उरलाच.

2020 च्या जनगणनेत नोंदीचे ठिकाण सोडून अन्यत्र राहणारे (त्याच शहरात घर बदललेले वगळून) सुमारे 37.6 कोटी लोक आढळले, त्यांपैकी प्रांताबाहेर गेलेले साधारण 12.5 कोटी. म्हणजे दोनतृतीयांश माणसे आपल्याच प्रांतात हलली, हे पाहून फेई यांना थोडे समाधान वाटले असते.

आणि ओढ केवळ शहराकडे नाही, गावाकडेही असते. फेई पहिल्यांदा परदेशी निघाले, तेव्हा त्यांच्या दाईने लाल कागदात बांधलेली चुलीची माती पेटीच्या तळाशी गुपचूप ठेवली होती. पाणी मानवेनासे झाले किंवा घरची आठवण आली, तर ती उकळून घ्यायची. आजचा मजूर माती बरोबर नेत नाही, परंतु खेड्यातील जमीन सामूहिक मालकीची असल्याने तिच्यातला त्याचा वाटा गावच्या नोंदीवर टिकून असतो. त्यामुळे शहर नवी नोंद देऊ करते, तेव्हाही अनेक जण ती घ्यायला कचरतात.