हप्त्यावरचा ५५ इंची की बोनस-भिशीतला ४३ इंची?

कोल्हापूरहून एका वाचकाचं पत्र आलंय. थोडक्यात असं:

‘वय ३१. शिरोली एमआयडीसीत सीएनसी मशीनवर आहे, पगार हातात ३१ हजार. घर शुक्रवार पेठेत, स्वतःचं, तळमजला. आई, बायको, चार वर्षांची मुलगी. बायको शिवणकाम करते, पण त्याचं ठरावीक काही नाही. घरखर्च १९ हजार, गाडीचा हप्ता ३,२०० (अजून ८ राहिलेत), आईची औषधं १,५००, एसआयपी १,०००, भिशी २,०००. बँकेत २५ हजार आहेत. माझ्याकडं प्लेस्टेशन आहे, पीएस-४ स्लिम. रविवारी चार-पाच मित्र फुटबॉलचा गेम खेळायला जमतात. टीव्ही जुना ३२ इंची, बटण दाबलं की पास मागनं जातोय. राजारामपुरीत दोन टीव्ही बघितले. एक ५५ इंची ४के, १२० हर्ट्झ, ६६ हजार, क्रेडिट कार्डवर १२ महिने नो-कॉस्ट ईएमआय. रोखीत ६२ हजार. दुसरा ४३ इंची ४के, ६० हर्ट्झ, २९,५००. या महिन्यात भिशी लागली, ४० हजार येतील. २० जणांची भिशी आहे, हा नववा महिना. बोनसचे १२ हजार मोकळे आहेत. मित्र म्हणत्यात, एकदाच घ्यायचा तर मोठाच घे, पुढं पीएस-५ घ्यायचाच आहे. भिशीचे पैसे हाताशी ठेवून ५५ इंची हप्त्यावर घेऊ का?’

५५ इंची हप्त्यावर घेऊ नका. ४३ इंची घ्या, रोखीनं. पण त्याआधी एक काम आज रात्रीच करा: घरातल्या जुन्या टीव्हीच्या मेनूत ‘गेम मोड’ सापडतो का बघा. सापडला तर लावून एक मॅच खेळा. पास वेळेवर जायला लागला, तर या दिवाळीत तुमचा एक रुपयाही खर्च होणार नाही. पत्ता मी पुढे सांगतो, आधी पैशांचं बोलू.

भिशीपासून सुरुवात करतो, कारण तिथंच तुमचा हिशेब चुकलाय. २० जण, महिना २ हजार, नंबर लागला नवव्या महिन्याला. म्हणजे तुम्ही आजपर्यंत भरलेत १८ हजार. हातात येणाऱ्या ४० हजारांतले उरलेले २२ हजार मित्रांचे आहेत, आणि ते तुम्हाला पुढचे ११ महिने फेडायचेत. बिनव्याजी आहे, मान्य. पण कर्ज ते कर्जच. भिशी लागली की लॉटरी लागल्यासारखं वाटतं आणि आपण ते सगळे पैसे आपले समजून खर्चतो. पहिल्या महिन्यात लागलेली भिशी आणि शेवटच्या महिन्यात लागलेली भिशी यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. एक उसनवारी, दुसरी बचत. तुमची मधली.

तेव्हा तुमचे स्वतःचे पैसे किती? भिशीतले १८ हजार आणि बोनसचे १२ हजार. झाले ३० हजार. टीव्हीचं बजेट एवढंच.

आता ते ‘नो-कॉस्ट’. रिझर्व्ह बँकेनं २०१३ च्या सप्टेंबरमध्येच बँकांना सुनावलं होतं की शून्य टक्के व्याज असं काही नसतं. प्रत्यक्षात बँक व्याज लावतेच. तेवढी रक्कम किमतीत सूट म्हणून दाखवली जाते. तुमचे आकडे घेऊ. महिना ५,५०० चे १२ हप्ते, बँकेचा दर १५ टक्के धरला तर ६६ हजारांत सुमारे ५,०६५ रुपये व्याज लपलेलं आहे. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी तुमच्या कार्डावर वेगळा लागतो, म्हणजे ९१२ रुपये. प्रोसेसिंग फी १९९ धरली तर करासकट २३५. एकूण गेले ६७,१४७. तोच टीव्ही रोखीत ६२ हजाराला आहे हे तुम्हीच लिहिलंय. ६२ हजारांच्या वस्तूला वर्षभरात ६७,१४७ मोजायचे, याचा वार्षिक दर काढला तर बरोबर १५ टक्क्यांच्या आसपास येतो. नावात ‘नो-कॉस्ट’, खिशातून १५ टक्के. आणि एखाद्या महिन्यात कार्डाचं पूर्ण बिल भरायचं राहिलं, तर राहिलेल्या रकमेवर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या घरात व्याज, ते वेगळंच.

बरं, हप्ता झेपतो का? ३१ हजारांतून तुमचे ठरलेले खर्च जातात २६,७००. उरतात ४,३००. हप्ता ५,५०० चा. दर महिन्याला बाराशे रुपये बायकोच्या शिलाईतून काढायचे, नाहीतर ओव्हरटाइम मिळेल या भरवशावर राहायचं. दिवाळी-लग्नसराईत शिलाई चालते, आषाढात काय?

आषाढ मुद्दाम काढला, कारण त्याच्या पुढं येतो पूर. शुक्रवार पेठेत राहणाऱ्याला मी काय सांगणार! २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैत शिरोलीजवळ महामार्गच पाण्याखाली गेला. तुमचं घर पंचगंगेच्या अलीकडं, कारखाना पलीकडं. राजाराम बंधाऱ्यावर पाणी ४३ फुटांच्या धोक्याच्या पातळीपुढं गेलं की तुमचं कामावर जाणं अवघड, आणि त्याच आठवड्यात घरातलं सामान वर चढवायचं. बँकेतले २५ हजार म्हणजे तुमचा एक महिन्याचाही खर्च नाही. म्हणून भिशीतले ते २२ हजार बँकेत मोडता येईल अशा ठेवीत ठेवा आणि विसरून जा. भिशीचे हप्ते पगारातून जाताहेत तसेच जाऊ देत. गंगाजळी ४७ हजारांवर येते. फार नाही, पण पावणेदोन महिने निघतात.

आता मित्रांचा मुद्दा. ‘एकदाच घ्यायचा तर मोठाच’ हे फ्रिजला लागू असेल, गेमिंगच्या टीव्हीला नाही. हर्ट्झ म्हणजे पडद्यावरचं चित्र सेकंदाला किती वेळा बदलतं ते. पीएस-४ स्लिम चित्र पाठवतो १०८० ओळींचं, म्हणजे ४के पेक्षा कमी बारकाव्याचं, आणि सेकंदाला जास्तीत जास्त ६० वेळा. १२० हर्ट्झचा टीव्ही समोर ठेवला तरी तो ६० च पाठवणार. म्हणजे आज तुम्ही १२० चे पैसे मोजून ६० बघणार, तेही व्याज भरून. आणि पीएस-५ आला तरी ४३ इंची वाया जात नाही; ४के, ६० हर्ट्झवर तो व्यवस्थित चालतो. त्यावरचे बहुतेक गेम ३० किंवा ६० लाच धावतात, १२० चा पर्याय देणारे मोजके. मी स्वतः लग्नाआधी एक होम थिएटर हप्त्यावर घेतलं होतं, ‘पुढं मोठा टीव्ही येणारच आहे’ म्हणून. मोठा टीव्ही आला तोवर ते माळ्यावर गेलं होतं.

पीएस-५ डिस्कवाला घेतला तर ५० हजारांच्या पुढं जातो. तो कधी? गाडीचे हप्ते ८ महिन्यांत संपतात, भिशीचे ११. सुटलेले ३,२०० आणि २,००० दर महिन्याला आरडीत टाकले तर दोन वर्षांनंतरच्या दिवाळीपर्यंत व्याज सोडून ७७ हजार जमतात. त्यात पीएस-५ रोखीनं निघेल. तेव्हा १२० हर्ट्झचा टीव्ही घ्यावासा वाटला तर वाटू दे, ४३ इंची आईच्या खोलीत जाईल. डिस्कवालाच घ्या म्हणतो त्याला कारण आहे: पीएस-४ च्या तुमच्या डिस्क त्यावर चालतात. मित्रांत डिस्क फिरवून खेळणाऱ्याला डिजिटलवाला स्वस्तात महाग पडेल.

खोलीचंही बघा. अंतराचा साधा ठोकताळा: टीव्हीच्या इंचांना दीडनं गुणायचं आणि आलेल्या इंचांचे फूट करायचे. ४३ ला साडेपाच फूट, ५५ ला सात. पेठेतल्या दहा बाय बाराच्या खोलीत कॉट, कपाट आणि पाच गडी बसवल्यावर सात फूट मागं सरकायला जागा उरते का ते तुम्हीच मोजा. आणि पुराचं पाणी चढायला लागलं की ४३ इंची एकटा माणूस भिंतीवरून काढून शेजाऱ्याच्या माडीवर नेतो. खोकं आणि आतला थर्माकोल टाकू नका.

दुकानात काही शब्दांना भुलू नका. ‘मोशन रेट १२०’ किंवा तसलं काही लिहिलेलं असेल तर पॅनेल बहुधा ६० चंच असतं, उरलेलं गणित टीव्ही मनानं भरतो. काही स्वस्त टीव्ही १२० दाखवतात खरं, पण चित्राच्या निम्म्या ओळी गाळून. ‘एचडीएमआय २.१’ छापलंय म्हणून ४के १२० चालेलच असंही नाही. त्या नावाखालच्या बऱ्याच सुविधा ऐच्छिक आहेत. तुम्ही घेताय त्या ६० वाल्यात याचा उपयोग एवढाच की ‘एएलएलएम’ असेल तर पुढं पीएस-५ चालू केल्यावर टीव्ही आपोआप गेम मोडवर जाईल. एचडीआरचं (चित्रातला उजळ भाग आणखी उजळ दाखवण्याची सोय) स्टिकर तर सगळ्यांवरच असतं. या किमतीतल्या पॅनेलला तेवढा उजेडच नसतो, त्यामुळे त्यासाठी एक पैसा जास्त देऊ नका.

एका गोष्टीला मात्र मी वेळ देईन. पॅनेल व्हीए आहे की आयपीएस? व्हीएत काळा रंग खरा काळा दिसतो, पण बाजूनं बघितलं की रंग फिके पडतात. आयपीएस काळ्यात थोडा राखाडी, पण कडेला बसलेल्यालाही चित्र नीट दिसतं. तुमच्याकडं पाच जण अर्धगोल करून बसणार, त्यात हिरवं मैदान. मी आयपीएस घेईन. सेल्समनला माहीत नसेल तर टीव्ही चालू करून बाजूला जाऊन उभे राहा. डोळ्याला कळतं.

आता तो पत्ता. टीव्ही स्वतः चित्र ‘सुधारत’ बसतो, त्यात वेळ जातो. गेम मोडमध्ये ही सुधारणा बंद होते. साध्या मोडमध्ये हा उशीर शंभर मिलिसेकंदांपर्यंत जाऊ शकतो, चांगल्या गेम मोडमध्ये दहा-वीसवर येतो. ६० हर्ट्झला एक फ्रेम १६.७ मिलिसेकंदांची, म्हणजे पाच-सहा फ्रेम मागं खेळत होता तुम्ही. तेवढ्यात समोरच्यानं बॉल काढून नेलेला असतो आणि आपण कंट्रोलरला शिव्या देतो. चित्राच्या मेनूत नुसतं ‘पिक्चर मोड’ बघून थांबू नका. काही टीव्हीत गेम मोड ‘जनरल’ किंवा ‘इनपुट’मध्ये दडवलेला असतो. काही जुन्या टीव्हीत तो नसतोच, पण त्या एचडीएमआय पोर्टाला ‘पीसी’ असं नाव दिलं की तोच परिणाम होतो.

नव्या टीव्हीवर याखेरीज मोशन स्मूदिंग बंद, पॉवर सेव्हिंग बंद (नाहीतर पडदा अंधारतो), शार्पनेस जवळजवळ तळाला. स्कोअर कोपऱ्यात कापला जात असेल तर ‘जस्ट स्कॅन’ किंवा ‘स्क्रीन फिट’. ज्या पोर्टात पीएस-४ आहे त्याच पोर्टाचं ‘एन्हान्स्ड’ सेटिंग चालू करायचं, ते प्रत्येक पोर्टाला वेगळं असतं. पीएस-४ मध्ये व्हिडिओ आउटपुटखाली आरजीबी रेंज ऑटोमॅटिक. एचडीआर एकदा लावून, एकदा काढून बघा. काढल्यावर बरं दिसलं तर काढूनच टाका.

हजार-दीड हजार बाजूला ठेवा वायरमनसाठी. पेठेतल्या जुन्या घरांत तीन पिनांचं सॉकेट असतं आणि तिसऱ्या पिनेला मागं काहीच जोडलेलं नसतं. आधी अर्थिंग, मग चांगला सर्ज प्रोटेक्टर. पावसाळ्यात लाईट जाऊन परत येते तो झटका टीव्ही खातो, आणि तो वॉरंटीत बसेलच असं नाही. घर स्वतःचं आहे तर ‘भारत गृह रक्षा’ विम्याची चौकशीही करा. त्यात घरासोबत सामानालाही पुराचं संरक्षण मिळतं. वाढीव वॉरंटीपेक्षा तळमजल्यावरच्या माणसाला हे जास्त कामाचं.

घासाघीस करताना एक लक्षात असू द्या. ३२ इंचांवरच्या टीव्हीचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आला. २९,५०० मध्ये मूळ किंमत २५ हजार. जुन्या करानं तो ३२ हजारांना पडला असता. तेव्हा ‘३२ चा तुम्हाला साडेएकोणतीसला’ असं कुणी म्हणालं, तर ती सूट सरकारची आहे. दुकानदाराची अजून मागायची राहिलीय. किमान भिंतीचं ब्रॅकेट तरी फुकट घ्या.

आणि जाताना पीएस-४ पिशवीत घालून न्या, दोन कंट्रोलर आणि रविवारच्या चमूतला एक मित्रही. ठरवलेल्या मॉडेलला जोडा, गेम मोड लावा आणि पाच मिनिटं खेळून बघा. दुकानदार कुरकुरला तर पुढच्या गल्लीत चला, राजारामपुरीत गल्ल्यांना तोटा नाही.