अकरा पॉइंट आणि एक वऱ्हांडा

चिरंजीवास,
अनेक आशीर्वाद.

तुम्हा नवरा-बायकोच्या सहलीचं तू पाठवलेलं माथेरानचं वेळापत्रक वाचलं. दोन रात्री, अकरा पॉइंट आणि पहाटे साडेपाचचा गजर! अरे, ऑडिटच्या आठवड्यातही मी तुम्हा पोरांना एवढं पळवलं नव्हतं. ‘मॅडम, काही राहिलं असेल तर सुचवा’ असं लिहिलं आहेस. मी खोडायलाच बसले आहे.

जागा मात्र छान शोधलीस. गावाच्या टोकाला जुना कौलारू बंगला, दोन वेळचं रांधून देणारा रखवालदार, आणखी काय हवं? शिवाय मोटारी दस्तुरी नाक्यावरच थांबतात. आता ई-रिक्षा आल्या आहेत, तरी हॉर्न नाही की धूर नाही. नाक्यापासून बाजार अडीच-तीन किलोमीटर. बॅग हमालाकडे द्या आणि रुळांच्या कडेनं चालत जा. नेरळहून मिनी ट्रेनचं तिकीट मिळालं तर भाग्यच समज. १९०७ पासून धावणारी ती दोन फुटी रुळांवरची गाडी जेमतेम २१ किलोमीटरला दोन-अडीच तास घेते. पण डबे मोजके, त्यामुळे तिच्या भरवशावर काही ठरवू नकोस. पावसाळ्यात तर नेरळपासून दस्तुरी नाक्याजवळच्या अमन लॉज स्टेशनपर्यंत ती बंदच असते.

आता खरी गोष्ट. आम्ही पहिल्यांदा तिथे गेलो तेव्हा लग्नाला आठ महिने झाले होते. घरात दोन खोल्या आणि सात माणसं. आम्हाला भांडायलासुद्धा एकांत नव्हता. वर पोचलो, चहा झाला आणि हे वऱ्हांड्यातल्या आरामखुर्चीत जाऊन बसले ते बसलेच. तास गेला, दीड तास गेला, तोंडातून शब्द नाही. मी आत तीच बॅग तिसऱ्यांदा लावतेय. माझं काही चुकलं, की माणूस आत्ताच कंटाळला? शेवटी मीच घोडेवाल्याला बोलावलं आणि पुढचे दोन दिवस यांना हट्टानं सगळे पॉइंट दाखवले. उतरताना गाडीत हे म्हणतात, ‘त्या खुर्चीत अजून थोडं बसायला हवं होतं गं.’ असा संताप आला म्हणून सांगू!

तुमच्याही पहिल्या संध्याकाळी अशी रिकामी वेळ येईल. घरी कुकरची शिट्टी, टीव्ही, कुणाची तरी हाक, यांत ती जाणवत नाही. वर फक्त झाडांची सळसळ आणि पत्र्यावरून धावणारी माकडं. अशा वेळी घाबरून लगेच बूट घालू नका. ती गप्प झाली म्हणजे रुसली असं धरू नकोस. आणि तुला गप्प बसावंसं वाटलं तर तोंडानं सांग, ‘मी मजेत आहे, नुसता बसलोय.’ एवढं एक वाक्य यांना सुचलं असतं तर माझे दोन दिवस आणि घोड्याचे पैसे वाचले असते.

आणि ही यादी तू एकट्यानंच केली आहेस ना? तिला विचारलंस? तिला कदाचित दहापर्यंत झोपायचं असेल. माझं विचारशील तर शार्लोट तलावाकाठी, पिसारनाथाच्या देवळाजवळ एक सकाळ आणि पोर्क्युपाइन पॉइंटवर प्रबळगड समोर ठेवून एक संध्याकाळ पुरे. तेसुद्धा वाटलं तर.

‘आई म्हणाली, आम्हीही आलो असतो’ हे तू कंसात लिहिलंस, पण मला तेच मोठं दिसलं. ऑफिसचं काम आहे अशी थाप मारून निघू नकोस. त्यांना वेगळं कधी नेणार याची तारीख आत्ताच सांग, आणि वर असताना रात्री साडेआठला एकच फोन कर. त्या वेळी तुझं लक्ष त्यांच्याकडे असू दे, बाकी वेळ फोन बॅगेत.

शनिवार-रविवार टाळ. पांढरे बूट नेऊ नका, तिथली लाल माती सोडत नाही. खाऊची पिशवी हातात दिसली की माकडं ओढतातच. रात्रीसाठी टॉर्च घे.

रखवालदाराला पहिल्या रात्री पिठलं-भाकरी करायला सांग. आणि वऱ्हांड्यात खुर्ची एकच असेल तर दुसरी लगेच मागून घे.

तुझी,
मॅडम