'इंटर्न' म्हटलं म्हणून पगार बुडत नाही

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: भाच्याचा हॉटेल मॅनेजमेंटचा डिप्लोमा झालाय, तारकर्लीजवळच्या रिसॉर्टवर डिसेंबर ते मे 'इंटर्न' म्हणून राबला, हातात एक पैसा नाही, मूळ मार्कशीट मालकाकडे, आणि पाऊस तोंडावर येताच "सीझन संपला, सर्टिफिकेट पाठवतो" म्हणून घरी धाडला. आता काही करता येईल का?

येईल. डिप्लोमा आधीच संपला होता ही तुमची सगळ्यात जमेची बाजू. अभ्यासक्रमाचाच भाग म्हणून कॉलेजच्या पत्रावर पाठवलेल्या मुलाचा दावा बराच लंगडा पडतो, तिथे आधी ते पत्र वाचावं लागतं. इथे कॉलेजचा संबंधच नाही.

मालक बहुधा म्हणेल, "तो शिकाऊ होता." कायद्यात शिकाऊ उमेदवार म्हणजे १९६१ च्या शिकाऊ उमेदवार अधिनियमाखाली करार केलेला. त्याला किमान वेतन लागू नाही, पण स्टायपेंड द्यावाच लागतो. २०१९ च्या दुरुस्तीत शिक्षणानुसार महिना ५ ते ९ हजार किमान ठरला होता. म्हणजे फुकट हा प्रकार तिथेही नाही. मात्र "करार नोंदवलेला नाही, म्हणून तो आपोआप कामगार" एवढ्यावर विसंबू नका. उत्तर प्रदेश विद्युत मंडळाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली नेमकं उलट सांगितलंय. आपला मुद्दा असा मांडायचा: करारच नव्हता, शिकवणारं कोणी नव्हतं, आणि पगारी माणसाचं काम हा करत होता.

हे सिद्ध करणं तुमच्यावर आहे, आणि बहुतेक दावे इथेच कोसळतात. मालक-कामगार हे नातं सिद्ध झालं की पगार दिला हे दाखवायची जबाबदारी मालकावर जाते (वेतन संहिता, म्हणजे पगाराबद्दलचा नवा कायदा, कलम ५९). म्हणून व्हॉट्सॲप ग्रुपमधून मुलाला काढून टाकलं असेल तरी जुना मजकूर मीडियासकट एक्स्पोर्ट करून ठेवा. ड्यूटी चार्टचा फोटो सोन्यासारखा: "सकाळ ७ ते ७, रूम १ ते ६" आणि समोर याचं नाव, त्याच रांगेत पगारी हाउसकीपिंगवाल्याचं. मॅनेजरचे "आज चेकआउट चार आहेत, सुट्टी नाही" असले मेसेज, गणवेशातले तारखेसकट फोटो, आचाऱ्याचा किंवा शेजारच्या दुकानदाराचा जबाब. फोन विकू नका, फॉरमॅट करू नका. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं (फोनमधल्या पुराव्याबद्दलचं) प्रमाणपत्र जोडावं लागलं तर मूळ फोन हाताशी हवा. आणि पाहुण्यांच्या आधार कार्डांचे फोटो पुरावा म्हणून लावायचा मोह टाळा, उलट तक्रार अंगावर येते.

मग हिशेब. कामगार खात्याच्या संकेतस्थळावरून हॉटेल उद्योगाचा त्या सहामाहीचा दर काढा. मूळ दर आणि विशेष भत्ता मिळून किमान वेतन होतं. भत्ता जानेवारी आणि जुलैला बदलतो, लोक तो धरायला विसरतात. मासिक रकमेला २६ ने भागलं की रोज, त्याला ८ ने भागलं की तास. जादा तास दुप्पट दराने. बारा तासांतली जेवणाची सुट्टी प्रामाणिकपणे वजा करा. फुगवलेला तक्ता उलटतपासणीत फाटतो.

आधी मालकाला लेखी मागणी: काम केल्याच्या तारखा, रक्कम, मार्कशीट परत, १५ दिवसांची मुदत. रजिस्टर एडी आता स्पीड पोस्टातच विलीन झालंय, तेव्हा पोच मिळेल अशी सेवा मागून घ्या. उत्तर नाही आलं तर ओरोसला (सिंधुदुर्ग जिल्ह्याचं मुख्यालय) कामगार खात्याच्या कार्यालयात वेतन संहितेच्या कलम ४५ खाली दावा. मुदत ३ वर्षं, आणि नुकसानभरपाई दाव्याच्या दहापटीपर्यंत देता येते. ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू आहे. त्याआधीच्या कामाला जुन्या किमान वेतन कायद्यातली ६ महिन्यांची मुदत आडवी येते, उशिराचं कारण द्यावं लागतं. "कामावरून काढलं" हे गाऱ्हाणं यात घुसडू नका. तो निराळा दावा, आणि तो वर्षानुवर्षं रखडतो.

मार्कशीटसाठी थांबायचं कारण नाही. परीक्षा मंडळाकडून दुय्यम प्रत काढा, मूळ रोखल्याची तक्रार पोलिसांत स्वतंत्र द्या.

वकिलाचा खर्च झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण. अनुसूचित जाती-जमाती, स्त्रिया, मुलं यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. हेल्पलाइन १५१००.

तुम्ही ओघात लिहिलंय की तिथे १७ वर्षांची एक मुलगी रात्री दहापर्यंत किचनमध्ये असते. हे जास्त गंभीर आहे. १४ ते १८ वयाच्या मुलांना संध्याकाळी ७ ते सकाळी ८ कामाला ठेवता येत नाही, जादा वेळ तर नाहीच. १०९८ या चाइल्ड हेल्पलाइनवर कळवा, त्यासाठी तिचं नातेवाईक असणं लागत नाही. तिला कोणी त्रास देत असेल तर लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा बिनपगारी प्रशिक्षणार्थींनाही लागू आहे.

नोटीस पोचली की बहुधा मध्यस्थ येईल: "पाच हजार घ्या, मिटवा." मिटवायला हरकत नाही. पण रक्कम बँकेतून, काम केल्याच्या तारखा लिहिलेल्या कागदावर, मार्कशीट हातात पडल्यावरच सही. रकमेची जागा कोरी असलेल्या व्हाउचरवर अजिबात नाही.