हिवाळ्यात नॉर्वेतील गाउस्तातोप्पेन डोंगर कुत्र्याला घेऊन एका दिवसात चढता येईल का?

येईल, परंतु तुम्ही ठरवलेल्या नाताळच्या सुट्टीत नको, आणि माथा गाठायचाच असे मनाशी पक्के करूनही नको. तुम्ही लिहिले आहे की पुण्याहून ओस्लोला आणलेली तुमची चार वर्षांची देशी कुत्री सिंहगड आणि राजगड सहज चढत असे, त्यामुळे हा डोंगरही तिला जमेल असे तुम्हाला वाटते. तिच्या दमाविषयी मला शंका नाही. माझी चिंता तिच्या आखूड केसांची, पंजांची आणि डिसेंबरातील उजेडाची आहे. मी ओस्लोतच राहतो आणि माझ्या लॅब्रडॉर कुत्र्याला घेऊन हिवाळ्यात या डोंगरावर गेलो आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

गाउस्तातोप्पेन तेलेमार्कमध्ये र्‍यूकान गावाच्या डोक्यावर उभा आहे आणि त्याची उंची १८८३ मीटर आहे. उन्हाळ्यातील रुळलेली वाट स्ताव्सरोहून, म्हणजे ११७३ मीटरवरून निघते. तेथून सुमारे ७०० मीटर चढायचे असते आणि एका बाजूचे अंतर चार किलोमीटरांहून थोडे अधिक भरते. आतकरवाडीहून सिंहगड चढण्याची सवय असलेल्यांना हे आकडे किरकोळ वाटतील. मात्र हिवाळ्यात स्ताव्सरोपर्यंतचा रस्ता बर्फामुळे बंद असतो, गाडी बरीच खाली ठेवावी लागते, आणि वाटेवरचे दगड व खुणा बर्फाखाली गेल्यामुळे नकाशा व दिशा यांवर विसंबून चालावे लागते. ओस्लोहून र्‍यूकानला गाडीने अडीच ते तीन तास लागतात. दक्षिण नॉर्वेत डिसेंबरात दिवसाचा उजेड जेमतेम सहा तास असतो. त्यात हा प्रवास, वाढलेले अंतर आणि कुत्र्यासाठी घ्यावे लागणारे थांबे बसवता बसत नाहीत.

म्हणून माझा आग्रह मार्चचा आहे. मार्चच्या मध्यावर दिवस बारा तासांचा होतो, बर्फ बऱ्यापैकी दबून बसलेला असतो आणि उन्हात थांबून खाता येते. र्‍यूकान ज्या दरीत आहे तिथे सप्टेंबरच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत थेट ऊन पोहोचतच नाही. चौकात थोडे तरी ऊन पडावे म्हणून २०१३ मध्ये डोंगरउतारावर मोठे आरसे बसवण्यात आले. स्थिर हवेच्या दिवशी थंड हवा दरीत साचून राहते आणि वर सौम्य वाटते, त्यामुळे गावातील तापमानावरून माथ्याचा अंदाज बांधता येत नाही. त्या धारेवर थंडीपेक्षा वारा अधिक त्रास देतो. तापमान उणे १० अंश असताना सेकंदाला १० मीटर वेगाचा वारा असेल, तर उघड्या त्वचेला ते उणे २० अंशांसारखे जाणवते. हवामानखात्याच्या 'यर' या संकेतस्थळावर माथ्याचा अंदाज पाहावा. याहून जोराचा वारा दिसला तर मी कुत्र्याला घेऊन निघतच नाही.

दुसरी तपासणी हिमस्खलनाची. 'वार्सोम' या सरकारी सेवेवर भागवार १ ते ५ अशी धोक्याची पातळी हिवाळाभर रोज जाहीर होते. ३० अंशांहून तीव्र उतारांवर हिमस्खलन सुटू शकते, म्हणून असे उतार आणि त्यांच्या थेट खालची जागा नकाशावर आधीच ओळखून वाट त्यांच्यापासून दूर आखावी. पातळी ३ किंवा त्याहून अधिक असेल तर मी डोंगरच बदलतो. ओस्लोलगतचा ३७९ मीटर उंचीचा कोल्सोस किंवा नूरमार्काचे जंगल कुत्र्याला तितकाच आनंद देते.

आता तुमच्या कुत्रीविषयी. देशी कुत्र्यांच्या अंगावर थंडीला लागणारी दाट अंतर्लोकर फारशी नसते, आणि पोटाकडचा भाग तर जवळजवळ उघडाच असतो. त्यामुळे पोट झाकणारे, वारा अडवणारे जॅकेट तिला हवेच. शिवाय थांब्यावर तिला बसवायला चटईचा तुकडा आणि वरून घालायला लोकरी कापड घ्यावे, कारण चालताना ऊब राहते ती थांबल्यावर काही मिनिटांत जाते. पंजांच्या बोटांमधील केसांत बर्फाच्या गोळ्या घट्ट धरतात आणि कातडी सोलते. ते केस आधी कापावेत, तळव्यांना मेणासारखे स्निग्ध मलम लावावे आणि कुत्र्याचे बूट सोबत ठेवावेत. हे बूट घरात, मग अंगणात, असे काही आठवडे घालून तिला सवय करावी. डोंगरावर पहिल्यांदा घातले तर ती ते झटकून टाकील.

आम्ही एकदा माथ्याच्या बऱ्याच जवळ होतो, हवा स्वच्छ होती, आणि माझा कुत्रा अचानक एकेक पंजा आळीपाळीने उचलू लागला. मी गोळ्या काढल्या, बूट घातले, तरी शंभरेक पावलांवर तो अंग मुडपून बर्फात बसला. आम्ही तिथूनच उतरलो. पंजे उचलणे, थरथरणे, मागे रेंगाळणे आणि मुडपून बसणे, या क्रमाने कुत्रा थंडी सांगत असतो, आणि पहिल्या दोन खुणांवरच परतायला हवे, कारण वीस-पंचवीस किलोचे जनावर उचलून बर्फातून उतरवणे एकट्या माणसाला झेपत नाही. पाणी थर्मासमध्ये कोमट न्यावे. ती बर्फ चाटणारच, पण त्यावर तहान भागवू देऊ नये. पोट बिघडते आणि शरीर आतून गार पडते. नेहमीपेक्षा अधिक खाणे लागते, तेही थोडे थोडे. नॉर्वेजियन माणूस डोंगरावर 'क्विक लुन्श' चॉकलेट हमखास काढतो. चॉकलेट आणि बेदाणे कुत्र्यांना विषारी असतात, हे सोबतच्या मंडळींना आधीच सांगून ठेवावे.

दोरी गळ्याला न बांधता छातीच्या हार्नेसला लावावी. चढताना ती कमरेच्या पट्ट्याला अडकवली तर हात मोकळे राहतात, पण उतरताना पट्ट्यातून सोडवून हातात घ्यावी, अन्यथा एका ओढीने तुम्ही घसराल. बुटांना काटे लावले असतील तर तिला पायांत येऊ देऊ नये. स्की वापरणार असाल तर अधिकच जपावे, कारण स्कीच्या पोलादी कडेने कुत्र्यांच्या पायांच्या शिरा कापल्या जातात. माथ्याजवळ वाऱ्याने कड्याबाहेर लोंबणारे बर्फाचे छज्जे तयार होतात, ज्यांच्याखाली आधार नसतो. मोकळा कुत्रा कुतूहलाने थेट त्यावर जातो आणि मालक त्याच्यामागे धावतो. देशभर कुत्रा बांधून ठेवण्याची सक्ती १ एप्रिल ते २० ऑगस्ट अशी असते, तथापि मार्चमध्येही या डोंगरावर तिला मोकळी सोडू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

१९६७ च्या ईस्टरमध्ये १८ जणांचा डोंगरात मृत्यू झाल्यानंतर नॉर्वेत डोंगरात जाणाऱ्यांसाठीचे नियम घरोघरी पोहोचवण्यात आले. आज ते नऊ आहेत आणि त्यांतील आठवा सांगतो की वेळेत मागे फिरा, त्यात कमीपणा नाही. मी तो घड्याळाला बांधतो. मार्चमध्ये सकाळी नऊला चालायला लागलो तर दुपारी एकला, जिथे असू तिथून, परत वळायचे, हे निघण्यापूर्वीच सोबत्यांशी ठरलेले असते. माथ्याजवळचे दगडी विश्रामगृह उघडे असेल, किंवा डोंगराच्या पोटातून जाणाऱ्या रेल्वेने उतरता येईल, यांवर बेत उभारू नये. हेडटॉर्च, जादा बॅटरी, कागदी नकाशा आणि वाऱ्यापासून आडोसा देणारी, दोन माणसे व कुत्रा मावेल एवढी पिशवी न्यावी. घरी कुणाला तरी वाट आणि परतीची वेळ सांगावी. बचावपथक हवे असल्यास ११२ वर पोलिसांना कळवावे.

उतरल्यावर गाडीतच तिचे पोट आणि पंजे कोरडे करावेत, बोटांमधील भेगा पाहाव्यात आणि कानांची टोके चाचपावीत. ती फिकट, कडक व थंड लागली तर चोळू नयेत, हळूहळू ऊब द्यावी आणि पशुवैद्याला फोन करावा. दुसऱ्या दिवशी ती थोडी आखडून चालेल, पण लंगडत असेल तर तिला दाखवून आणावे.