वाचक विचारतात : पणजी नेमकी किती वर्षांची होती?

घरातलं सर्वांत जुनं माणूस गेल्यावर त्याची आठवण नीट कशी लिहून ठेवावी, याबद्दल नागपुरातून बरीच पत्रं आली. त्यांतली पाच इथे घेतली आहेत.

प्रश्न : आमची पणजी जानेवारी २०२६ मध्ये गेली. वर्षश्राद्धाला तिच्यावर छोटी पुस्तिका काढायची आहे, पण जन्मसालावरच अडलं आहे. आधार कार्डावर १ जानेवारी १९३० आहे. घरचे म्हणतात, तिला अठ्ठ्याण्णवावं लागलं होतं. ती स्वतः एवढंच सांगायची, 'सारडा कायद्याच्या घाईत मोठ्या बाईचं लगन उरकलं, तवा मी मायच्या कडेवर होती.' माहेर उमरेड तालुक्यातलं. खरं काय मानावं? (महाल)

उत्तर : तिघांत पणजीच्या वाक्याला सर्वांत जास्त वजन द्या. सारडा कायदा १९२९ मध्ये मंजूर झाला आणि १ एप्रिल १९३० पासून लागू झाला. मुलीचं लग्नाचं वय किमान १४ ठरलं, म्हणून त्याआधीच्या काही महिन्यांत ठिकठिकाणी लहान मुलींची लग्नं घाईनं उरकली गेली. कडेवरचं मूल साधारण एक ते अडीच वर्षांचं असतं. म्हणजे जन्म १९२७ च्या मध्यापासून १९२९ च्या सुरुवातीपर्यंत कधीतरी. अठ्ठ्याण्णवावं 'लागलं' म्हणजे सत्त्याण्णव पूर्ण, त्यावरून साल येतं १९२८. दोन्ही गोष्टी जुळतात. आधारवरची तारीख मात्र जुळत नाही. त्या हिशेबानं बहिणीच्या लग्नात ती जेमतेम तान्ही असती. पुरावा नसलेल्या माणसाच्या नावापुढे १ जानेवारी दिसली, की ती अंदाजाची तारीख समजावी.

कागद हवा असेल तर तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात कोतवाल बुकाच्या नकलेसाठी अर्ज करा. जुन्या मध्य प्रांतात गावचा कोतवाल जन्म-मृत्यूची नोंद देत असे. इथे बहुतेकांचा शोध एकाच चुकीमुळे फसतो : ते पणजीचं नाव शोधतात. नोंद बहुधा बारशाआधीच झालेली असते, त्यामुळे बाळाचं नाव नसतंच. बापाचं नाव, जात, 'मुलगी' आणि तारीख, एवढंच सापडतं. म्हणून पणजीच्या वडिलांच्या नावानं १९२७ ते १९२९ ही तिन्ही वर्षं ओळीनं पाहा. त्या गावात नाही मिळालं तर तिच्या आईच्या माहेरचं गाव घ्या, कारण बाळंतपण तिकडे झालं असेल तर नोंदही तिकडचीच. लग्नात नाव बदललं असेल, तर माहेरचं नाव आधी पक्कं करा. ती शाळेत गेली असेल तर दाखल-खारीज रजिस्टरही बघा. पण त्यातली जन्मतारीख पुष्कळदा गुरुजींनी अंदाजानं घातलेली असते.

घरात सहस्रचंद्रदर्शनाचा तारखेसह फोटो असला तर तोही धागा आहे. हजार पौर्णिमा म्हणजे सुमारे २९,५३० दिवस, म्हणजे ऐंशी वर्षं दहा महिने. मात्र घरोघरी हा सोहळा सोयीनं पुढेमागे होतो, तेव्हा यावरून वर्ष ताडून पाहावं, तारीख ठरवू नये. आणि काहीच हाती आलं नाही तर पुस्तिकेत 'जन्म १९२८ च्या सुमारास' असं लिहून खाली तिचं ते वाक्य तिच्याच बोलीत छापा.

प्रश्न : पणजीच्या दोन मुली, म्हणजे आमच्या आत्याआजी, ८१ आणि ७६ वर्षांच्या आहेत. आईबद्दल विचारलं की 'फार मायाळू होती, सगळ्यांचं केलं' म्हणतात आणि डोळ्यांना पदर लावतात. पुढे कसं विचारावं? (धंतोली)

उत्तर : 'कशी होती' असं विचारूच नका, त्याचं उत्तर विशेषणातच येतं. वेळ, जागा आणि वस्तू विचारा. सकाळी उठल्यावर तिचा पहिला हात कशाला लागायचा? ती जेवायला कधी बसायची, आणि तोवर पातेल्यात काय उरलेलं असायचं? कोठीची किल्ली कंबरेला की उतरंडीत? माहेरपणाला आलेल्या लेकीला जाताना काय बांधून द्यायची, आणि सुनेला माहेरी जाताना काय? कोणावर चिडायची, आणि चिडली की बोलायची की भांडी आपटायची? हा शेवटचा प्रश्न गाळू नका. जन्मभर घरासाठी राबलेल्या बाईचा राग आणि आवडनिवड लिहिली नाही, तर पुस्तिकेत हार घातलेला फोटो उरतो, माणूस उरत नाही.

बोलताना तिची वस्तू हातात द्या. अडकित्ता दिला की सुपारी कातरण्याची तिची बसण्याची ढब आपोआप सांगितली जाते. 'सगळ्यांचं केलं' म्हटलं की लगेच विचारा, कोणाचं काय? कोणाची बाळंतपणं, कोणाचं आजारपण, कोणत्या दिराची मुलं शिकायला घरात राहिली? ही यादी आली की पुस्तिकेचा निम्मा मजकूर हाती आला.

दोघींना आधी वेगवेगळं बसवा, कारण एकत्र बसल्या की धाकटी थोरलीच्या सांगण्याला मान डोलावते. मग एकत्र. जिथे मेळ बसत नाही तिथे दोन्ही आठवणी ठेवा. थोरलीची आई आणि धाकटीची आई यांत पाच वर्षांचं अंतर आहे, परिस्थितीही वेगळी असू शकते.

साल आठवत नसेल तर खुणा वापरा. 'दीक्षेच्या वर्षी' म्हणजे १९५६, १४ ऑक्टोबर. नागपूरची राजधानी गेली तीही त्याच वर्षी, १ नोव्हेंबरला. भाव आण्यात सांगितला तर गोष्ट बहुधा १९५७ च्या आधीची, कारण नवे पैसे १ एप्रिल १९५७ ला आले. पण सवयीनं लोक पुढेही काही वर्षं आणेच बोलत होते, हे ध्यानात असू द्या.

ध्वनिमुद्रण फोनवर चालतं. फोन विमान मोडवर, बोलणाऱ्यापासून दीड वितीवर, घडी घातलेल्या टॉवेलवर ठेवा, म्हणजे टेबलाचे ठोके येत नाहीत. उन्हाळ्यात सकाळी लवकर बसा. कूलरच्या घरघरीत 'आणे' आणि 'आले' सारखंच ऐकू येतं. एका वेळी चाळीस मिनिटं पुरे. सुरुवातीला तारीख आणि बोलणाऱ्याचं नाव तोंडानं सांगा, आणि त्याच दिवशी फाइल आणखी दोन ठिकाणी उतरवा.

प्रश्न : वंशावळीत लेकींकडची नातवंडं घ्यायची का? आमच्याकडे यावरून वाद आहे. (प्रतापनगर)

उत्तर : घ्यायची. पुस्तिका पणजीची आहे, आडनावाची नाही. मधोमध तिचं नाव माहेरच्या नावासह, वर तिचे आईवडील, खाली सगळी अपत्यं जन्माच्या क्रमानं. लहानपणी गेलेली लेकरंही घ्या, ती तिनं मोजलेलीच असतात. जावई-सुना चौकटीत, पणतू-पणती आणि असतील तर खापरपणतू शेवटच्या ओळीत.

प्रश्न : पणजीचा गोळाभात पुस्तिकेत द्यायचा आहे. जुन्या वहीत 'पावशेर तांदूळ, पावशेर डाळ, छटाकभर तेल' इतकंच आहे. तिच्या हाताखाली शिकलेली काकू 'अंदाजानं' म्हणते. आमचे गोळे फुटतात. (वर्धा रोड)

उत्तर : ८० तोळ्यांचा शेर म्हणजे ९३३ ग्रॅम. पावशेर सुमारे २३३ ग्रॅम, छटाक ५८ ग्रॅम. मात्र धान्याचा मापी शेर ठिकठिकाणी वेगळा होता, म्हणून काकूंच्या हाताची साक्ष घ्या : त्या मूठ भरून टाकतात ते आधी वजनकाट्यावरच्या वाटीत टाकायला लावा, आकडा लिहा, मग पातेल्यात. तिखट-मीठही तसंच.

चणाडाळीचा जाडसर भरडा घ्या, बारीक बेसन नको. बेसनाचे गोळे दडस होतात. त्यात तिखट, मीठ, हळद, हिंग, ओवा आणि छटाकातलं अर्धं तेल कडकडीत गरम करून. पाच-सहा चमचे पाणी लागतं, एकदम ओतू नका. मूठ दाबली की गोळा राहावा आणि बोटाला चिकटू नये. लिंबाएवढे दहा-बारा गोळे करून दहा मिनिटं ठेवा, म्हणजे भरडा पाणी पितो. भाताला नेहमीपेक्षा अर्धी वाटी पाणी जास्त, कारण गोळेही ते ओढतात.

तुमचे गोळे बहुधा उकळत्या पाण्यात लवकर पडतात. पाणी तांदळाच्या पातळीला येऊन भोकं दिसू लागली की मगच गोळे अलगद ठेवा. झाकण, मंद आच, पंधरा मिनिटं. डाव घालायचा नाही. तरी फुटले तर पीठ सैल झालं आहे. उरलेल्या तेलाची मोहरी, हिंग, लाल मिरचीची फोडणी ताटात, गोळा कुस्करून त्यावर.

प्रश्न : पणजीचा लग्नाचा फोटो चौकटीच्या काचेला चिकटला आहे. आणि तिचं एकच सुती लुगडं उरलं आहे, ते चौघी नातींना हवं आहे. (इतवारी)

उत्तर : फोटो ओढू नका. पावसाळी दमटपणानं वरचा थर मऊ होऊन काचेला धरतो. ओढला तर चेहरा काचेवर राहतो. काचेसकट ६०० डीपीआयवर स्कॅन करा. मोबाइलनं काढायचा तर सावलीत, फोन काचेला समांतर धरून, आणि पाठीमागे कोणीतरी काळं कापड धरावं, म्हणजे प्रतिबिंब पडत नाही.

लुगड्याची आधी परीक्षा करा. काठाजवळ दोन्ही हातांनी हलकेच ताणा. चर्र आवाज आला तर त्याला सुई लावू नका. धुतलेल्या पांढऱ्या सुती कापडात गुंडाळून ठेवा आणि दर तीन-चार महिन्यांनी घडी बदला, कारण जुनं कापड घडीवरच फाटतं. कापड दमदार असेल तर नऊ वार म्हणजे सुमारे ८.२ मीटर. पदराच्या विरुद्ध टोकापासून ९० सेंटिमीटरचे तुकडे पाडले तर नऊ निघतात. प्रत्येकीच्या गोधडीला दोन, वरून आणि खालून. आत घरातल्या इतर जुन्या सुती साड्यांचे थर. धावदोरा हातानंच घाला, ओळींत बोटभर अंतर; मशीनच्या दाट टाक्यांनी जुना धागा कापला जातो. नववा तुकडा पदराचा उरतो. तो पुस्तिकेच्या घरातल्या प्रतीला वेष्टन म्हणून पुरतो.