कोरोनाकाळात शिक्षक दोन वर्षं घरीच होते, मग घरच्यांना भरपूर वेळ देता आला असेल ना? त्यांचं रोजचं आयुष्य कसं होतं?

प्रश्न वाचता वाचता कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहिल्या. आजचा भात गिचका झालाय आणि त्याला तुम्ही जबाबदार आहात.

"शिक्षक घरीच होते." कुठल्या घरी हो?

मी जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे. माहेर, सासर दोन्ही लातूर जिल्ह्यातलं. नोकरी २०१० च्या भरतीतली, कोकणात, मंडणगड तालुक्यातल्या एका वाडीवर. दोनशिक्षकी शाळा, पट २३. इकडे मराठवाड्याचे गुरुजी आणि बाई किती आहेत ते कुठल्याही वाडीत विचारा. २०२० साली आमच्या संसाराची वाटणी अशी होती: हे अहमदपूरला खत-बियाण्यांच्या दुकानात कामाला, थोरला तिसरी संपवून चौथीत चाललेला, तो आजी-आजोबांजवळ. पाच वर्षांची धाकटी माझ्याजवळ, भाड्याच्या दोन खोल्यांत. मधे साडेपाचशे किलोमीटर, रात्रभराची एसटी, पुण्यात गाडी बदलायची.

त्या वर्षी पाडवा २५ मार्चला होता. माझं तिकीट २३ च्या रात्रीचं. २२ ला जनता कर्फ्यू झाला, २३ ला एसटी थांबली आणि पाडव्याच्या दिवशी सगळा देशच बंद. थोरल्यासाठी घेतलेली साखरेची गाठी डब्यात ठेवून दिली. ती मे महिन्यात मुंग्यांनी संपवली.

तेव्हा कुणाला वाटलं होतं की दिवाळी उजाडेल? मला वाटलं पंधरा दिवस, फार तर महिना. मग पत्र आलं, मुख्यालय, म्हणजे नोकरीचं गाव, सोडायचं नाही. शाळा बंद म्हणजे मुलांसाठी बंद, हे लोकांच्या लक्षातच येत नाही. आमची नावं तर पहिल्या दिवसापासून कुठल्या ना कुठल्या यादीत होतीच. वाडीत कोण आलं, कोण गेलं, कुणाला खोकला आहे. मे महिन्यात मुंबईहून चाकरमानी यायला लागले आणि माझीच शाळा विलगीकरण कक्ष झाली. बाकं व्हरांड्यात रचली, वर्गात सतरंज्या. मी दाराबाहेर खुर्ची टाकून रजिस्टर घेऊन बसायचे: नाव, वाडी, कुठून आले, मोबाईल नंबर. पन्नाशीचे एक गृहस्थ, डोंबिवलीहून आलेले, आत गेले आणि खिडकीतून म्हणाले, "बाई, ह्याच भिंतीपाशी मी अंगठे धरून उभा असायचो. आता चौदा दिवस." बाराखडीच्या तक्त्याखाली झोपायचे ते.

ह्या ड्यूटीचा घरावर परिणाम काय, तर घरमालकीण काकू, ज्यांच्या ओट्यावर धाकटी दिवसभर खेळायची, त्यांनी तिला ओट्यावर घेणं बंद केलं. रागावले नाही मी. त्यांच्या घरात ऐंशी वर्षांचे आजोबा होते. मग पोरगी माझ्याबरोबर. शाळेसमोरच्या फणसाखाली पोतं टाकून, पाटी देऊन बसवायची आणि तिला सांगायचं, ह्या दगडाच्या अलीकडे यायचं नाही. पाच वर्षांचं लेकरू. दिवसातून चाळीसदा विचारायचं, "आता येऊ?"

जिल्हा ओलांडायला तेव्हा ई-पास लागायचा, त्याचे अर्ज तीनदा केले. तिन्ही नामंजूर. 'मुलाला भेटायचंय' हे कारण कुणाला तातडीचं वाटलं नाही. कारण खोटं घालून पास काढणारे माझ्या ओळखीत होते. मला ते जमलं नाही आणि त्याबद्दल आमच्या घरात मला आजही शहाणपण ऐकवलं जातं.

आणि ३ जूनला निसर्ग वादळ. कोरोनाच्या आठवणी काढताना उरलेला महाराष्ट्र हे हमखास विसरतो. आमच्या खोलीचे अर्धे पत्रे गेले. शाळेची कौलं अंगणात. विजेचे खांब आडवे, आंबे-फणस-सुपारी आडव्या, रस्त्यात झाडं. फोन मेले. सहा दिवस अहमदपूरला काही कळवता आलं नाही. सातव्या दिवशी वाडीतल्या एका जीपच्या बॅटरीवर फोन थोडा चार्ज करून घेतला आणि धाकटीला कडेवर घेऊन सड्यावर चढले. वर एका कातळावर उभं राहिलं की दोन दांड्या रेंज यायची. तिथे आधीच आठ-दहा माणसं हात वर करून उभी होती, देवाला गाऱ्हाणं घालावं तशी.

फोन थोरल्याने उचलला. म्हणाला, "तुझं घर उडालं का?"

म्हटलं, "थोडं उडालं."

"मग आता इकडं ये की."

मी त्याला, एका नऊ वर्षांच्या पोराला, काय सांगितलं असेल? "मुख्यालय सोडता येत नाही रे." तो जरा वेळ गप्प. मग म्हणाला, "मुख्यालय म्हणजे काय?" तेवढ्यात फोन बंद पडला. बॅटरी संपली होती. उतरताना मला वाटत राहिलं की बरं झालं संपली, कारण माझ्याकडे सांगण्यासारखं काही नव्हतं.

आमच्या वाडीत वीज यायला जून संपला. आणि १५ जूनपासून नवं शैक्षणिक वर्ष: 'शाळा बंद, पण शिक्षण सुरू'. व्हॉट्सॲपचे गट करा, अभ्यासाचं सरकारी दीक्षा ॲप डाउनलोड करून घ्या, किती मुलांनी घेतलं त्याची लिंक, म्हणजे ऑनलाइन फॉर्म, आजच्या आज भरा. २३ मुलांपैकी स्मार्टफोन असलेली घरं नऊ, आणि त्यातले सहा फोन बापाबरोबर कामावर जायचे. जुलैत सह्याद्रीवर 'टिलीमिली' ही अभ्यासाची मालिका सुरू झाली, चांगली होती, पण ज्या घरात टीव्ही होता त्या घरातलीच पोरं बघणार. शेवटी मी आणि दुसरे गुरुजी वाडीवाडीवर फिरायला लागलो. कुणाच्या पडवीत चार पोरं, कुणाच्या खळ्यात तीन. महिन्याचे तांदूळ-कडधान्य वाटायच्या दिवशी गृहपाठाचे कागदही त्याच पिशवीत. धाकटी त्या वर्षी माझ्याच शाळेत पहिलीला बसली. तिची पहिली अशीच दुसऱ्यांच्या पडव्यांत झाली. तिला वाचायला मी शिकवलं असं छातीवर हात ठेवून म्हणता येणार नाही. चौथीतल्या एका पोरीने शिकवलं, मी लिंक भरत असताना.

थोरल्याचा भागाकार मात्र मीच शिकवला. रोज रात्री साडेआठला व्हिडिओ कॉल. फोन सासूबाईंच्या हातात, आणि त्यांना कॅमेरा कुठल्या बाजूला असतो हे शेवटपर्यंत उमगलं नाही. मला पंखा दिसायचा. आमच्या माजघरातला पंखा, एका पात्याला रंग उडालेला, मीच पुसायची त्याला दर दिवाळीला. पंख्याकडे बघत मी म्हणायचे, "आठाने भाग जातो का?" आणि पंख्यातून आवाज यायचा, "जातो." वही दाखव म्हटलं की वही इतकी जवळ यायची की नुसता निळा रंग. मधेच सासूबाई विचारायच्या, "जेवलीस का?" चार महिने असा भागाकार चालला. बाकी उरली की तो रडायचा. त्याला वाटायचं, बाकी उरणं म्हणजे आपलं चुकलं.

सप्टेंबरात घरोघरचं कोरोना सर्वेक्षण, 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी'. नाव ठेवणाऱ्याला माझा नमस्कार सांगा. दिवसाला पन्नास घरं, ताप बघायचा, ऑक्सिजन बघायचा आणि विचारायचं, "कुटुंबात किती जण?" एका म्हातारीने उलट मलाच विचारलं, "आणि तुझ्यात किती?" म्हटलं चार. "हायत कुठं ते?" पुढच्या घरी जायचं होतं, गेले.

२० ऑगस्टला जिल्ह्याबाहेरची एसटी सुरू झाली होती, पण ह्या सर्वेक्षणात रजा कुठली मिळणार? निघाले ती दिवाळीला. आठ महिन्यांनी. मंडणगडच्या बाजारात थोरल्यासाठी सदरा घेतला, पाडव्याच्या मापाला दोन बोटं वाढवून. अहमदपूरला पोचल्यावर अंगावर चढवला तर बाह्या मनगटाच्या चांगल्या वर आणि खालून पोट दिसतंय. आठ महिन्यांत चार बोटं उंच झाला होता पोरगा आणि पंख्यात ते दिसलं नव्हतं. तो मात्र म्हणाला, "राहू दे, बसतो."

त्याच संध्याकाळी, सगळे फराळाला बसलेले, मी चिवडा वाढत होते. दीर म्हणाले, "वहिनी, तुमचं बरंय. आठ महिने घरी बसून पगार."

मला तेव्हा उत्तर सुचलं नाही. चिवडा वाढून झाला, लाडू वाढले, आत गेले. हे उत्तर तेव्हाचं आहे, तुमच्या प्रश्नाखाली पडतंय इतकंच. भाऊजी, मार्चचा पगार ७५ टक्केच हातात आला होता, बाकीचा नंतर. आणि त्याच पगारातून तुमच्या आईच्या बीपीच्या गोळ्या आल्या. आणि मी घरी बसले नव्हते. घरी बसायला मिळावं म्हणून तर आठ महिने झुरत होते.

आता भाऊजींची बाजू. त्यांचा मंडप-डेकोरेशनचा धंदा. त्या वर्षीची एप्रिल-मेची अख्खी लग्नसराई बुडाली, कर्जाचे हप्ते डोक्यावर, कामाची चार पोरं घरी पाठवावी लागली. त्या माणसाला कुणाचाही एक तारखेचा पगार डोळ्यांत खुपणार. हे मला तेव्हाही कळत होतं. पण कळतं म्हणून लागत नाही असं थोडंच असतं?

आणि सगळ्या शिक्षकांचं असंच होतं असंही नाही. शहरातल्या अनुदानित शाळेतल्या माझ्या दोन मैत्रिणींना खरोखर घरी राहायला मिळालं. एकीने सासऱ्यांचं शेवटचं आजारपण जवळ बसून काढलं आणि ती अजून म्हणते की लॉकडाऊन नसता तर जमलं नसतं. दुसरीची दोन पोरं आणि ती, तिघांचे तास एकाच वेळी, हॉल, बेडरूम आणि स्वयंपाकघर अशी वाटणी, आणि वर्गातल्या पन्नास घरांना तिच्या कुकरची शिट्टी ऐकू जायची. विनाअनुदानितवाल्यांचं तर विचारूच नका. आधीच पगार नावापुरता, तोही थांबला. भाजी विकली लोकांनी. तेव्हा 'शिक्षकांचं आयुष्य कसं होतं' ह्या प्रश्नाला एक उत्तर नाही. माझं विचाराल तर: पाचला उठणे, पाणी भरणे, पोरीला घेऊन वाड्या फिरणे, दुपारी लिंक, संध्याकाळी केंद्रप्रमुखांचा फोन, रात्री पंखा. झालं.

२०२१ चं सांगत बसत नाही, दुसरी लाट सगळ्यांनाच माहीत आहे. पहिली ते चौथीची पोरं वर्गात आली ती १ डिसेंबर २०२१ ला. दुसरीतली पाच पोरं तेव्हा पहिल्यांदाच बाकावर बसली. त्यातली एक माझी.

तुम्ही नुसत्या कुतूहलाने विचारलं असेल तर इथे थांबा. पण शिक्षिकेशी लग्न ठरवत असाल (असे प्रश्न बहुतेक तेच विचारतात), तर पगार किती ते विचारण्याआधी शाळा कुठल्या तालुक्यात ते विचारा. आणि पोर कुणाजवळ राहील ते आधी बोलून घ्या. आमच्याकडे ते कुणी ठरवलं नाही, आपोआप ठरत गेलं. त्या दिवाळीत हे म्हणाले, "सोडून दे नोकरी, ये इकडं." प्रेमाने म्हणाले, मला माहीत आहे. पण नोकरी सोडायचं आमच्यात दरवेळी माझ्याच वाट्याला का येतं? खत-बियाणं मंडणगडलाही विकतात. दुकानंही आहेत, माणसंही लागतात. हे मी त्या रात्री म्हटलं, तर म्हणाले, "तिकडं आपलं कोण आहे?" मी आहे ना तिकडं. धाकटी आहे.

बदलीसाठी दोनदा अर्ज भरलाय. सध्या तरी इथेच आहे. थोरला आता बारीकसारीक गोष्टी मेसेजवर सांगतो, कॉल नको म्हणतो.

तो सदरा मी तिथेच ठेवून आले होते. पंधरा दिवसांनी जाऊबाईंचा फोटो आला. भाऊजींच्या धाकट्याला बरोबर बसला होता.